उत्तर दिल्लीत, रुग्ण हाटकेशात

(हाटकेश, मीरा रोड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्र सरकारपुढे एक साधा प्रश्न होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती माणसे दगावली? लेखी उत्तर आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी दिले. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. राज्ये रुग्णांची व मृत्यूंची संख्या नियमितपणे कळवितात. प्राणवायूच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने खास असे कळविलेले नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. डॉ. पवार तेव्हा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिक शहरात तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिल रोजी, महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण गुदमरून गेले.

हे उत्तर धडधडीत खोटे होते असे म्हणता येत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. नाशिकची घटना कागदोपत्री अपघातात जमा झाली. अन्यत्र जे गेले त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले ते करोनाचे किंवा श्वसनक्रिया बंद पडल्याचे. ‘खाट मिळाली नाही’, ‘नळकांडे संपले होते’ असा रकाना दाखल्यावर नसतो. महाराष्ट्रात त्या वेळी केंद्राच्या विरोधातील पक्षांचे सरकार होते. परंतु आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही राज्यात प्राणवायूअभावी मृत्यू झाला नसल्याचेच सांगितले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन सरकारे या एका बाबतीत एकाच सुरात बोलली.

संसदेत सरकार आपल्या आरोग्य धोरणाचे जे समर्थन करते, त्याची सारी रीत या उत्तरात सापडते. जे मोजले गेले ते सभागृहाच्या पटलावर येते. जे मोजलेच गेले नाही ते घडलेच नाही, असे मानण्यास सरकार मोकळे राहते. म्हणून आरोग्याच्या लढाईत मोजणी ही कारकुनी बाब नव्हे. ती राजकारणाचीच बाब आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी हे कधीच ओळखले होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत त्यांनी देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. वाद आण्यांचा दिसत होता. प्रश्न होता तो सरासरीच्या आकड्याखाली गरीब माणूस झाकून टाकावा काय, हा.

आजचे पंधरा आणे कोणते, ते पाहण्यासारखे आहे. आरोग्यावरील एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मधील ६२.६ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, हे सरकार संसदेत पुन्हा पुन्हा सांगते. आकडा सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांतला आहे, बनावट नाही. परंतु त्यातील कुटुंबांच्या खर्चाचा आधार आहे जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातील नमुना पाहणी. म्हणजे ज्या वर्षी लोकांनी दागिने मोडून इंजेक्शने घेतली, त्या वर्षाचा घरगुती खर्च महामारीपूर्वीच्या पाहणीवरून पुढे ओढलेला आहे. शिवाय ज्याने पैशाअभावी उपचारच टाळला त्याचा खर्च अशा पाहणीत शून्य धरला जातो. गरीब दवाखान्याची पायरी चढेनासा झाला तरी आकडा सुधारतो, हे या हिशेबाचे वैशिष्ट्य!

सरकारच्या पदरात काहीच टाकू नये असे नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या २०१४ पूर्वीच्या ३८७ वरून २०२४-२५ पर्यंत ७८० झाली. २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या ‘आयुष्मान भारत’ योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेच्या प्रसंगी अनेक कुटुंबांना सावकाराच्या दारातून परत आणले, हेही मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राने तर १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे पाच लाख केली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली केली. पण या योजना कोणापर्यंत पोहोचतात हे पाहण्यासाठी दिल्लीस जाण्याची आवश्यकता नाही. हाटकेशच्या उद्योगनगरातून एक फेरी मारली तरी पुरे.

एखाद्या गाळ्यात सात-आठ कामगार आहेत. दहाहून कमी, म्हणून कर्मचारी राज्य विम्याचा कायदा तिथे सहसा पोहोचत नाही. कामगार गोरखपूरहून किंवा दरभंग्याहून आलेला. शिधापत्रिका गावी, म्हणून राज्याची योजना त्याला परकी. केंद्राच्या योजनेची यादी मुळात २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर उभी राहिली. त्या वर्षी तो शाळेत होता किंवा भाड्याच्या खोल्या बदलत होता. समजा, या तिन्ही चाळण्यांतून तो पार पडला, तरी योजना लागू होते ती रुग्णालयात दाखल झाल्यावर. मधुमेहाची रोजची गोळी, मुलाचा ताप, बायकोच्या अंगावरून जाणारे रक्त, यांसाठी त्याला गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडेच जावे लागते आणि दिवसाचा रोज बुडवून फी द्यावी लागते. या देशात घराचा आरोग्यावरील खर्च मोठ्या प्रमाणात होतो तो नेमका इथे, बाह्यरुग्ण उपचारांवर आणि औषधांवर.

दुखणे विकोपास गेले की गाडी दहिसर चेकनाका ओलांडून कांदिवलीच्या शताब्दीकडे किंवा थेट परळच्या के.ई.एम.कडे धावते. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर वस्ती असलेल्या या शहराची ही रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे. १९८५ मध्ये इथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. इमारती उभ्या राहिल्या त्या वेगाने रुग्णालये उभी राहिली नाहीत. भाईंदर पश्चिमेस महापालिकेने पंडित भीमसेन जोशी रुग्णालय बांधले, पण ते चालविण्याचा भार पेलेना म्हणून राज्य सरकारच्या हवाली केले. केंद्र म्हणते आरोग्य हा राज्याचा विषय. राज्य म्हणते शहराची जबाबदारी महापालिकेची. महापालिका म्हणते आमची ऐपत नाही, राज्याने घ्यावे. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये आहेत हे खरेच आहे. परंतु आयुष्मानच्या जाहिरातीवर पंतप्रधानांचे छायाचित्र छापताना हा सहावा क्रमांक कोणाच्या आड येत नाही.

याच ठाणे जिल्ह्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात १२-१३ ऑगस्ट २०२३ च्या सुमारास २४ तासांत १८ रुग्ण दगावले. राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्टपासून मोफत उपचार सुरू व्हायचे होते. कळव्याचे रुग्णालय त्या खात्याचे नव्हते. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले होते, असा खुलासा झाला. खुलासा खरा असेलही. पण अखेरच्या अवस्थेपर्यंत ते कोठे होते, कोणत्या दारातून परत फिरविले गेले, हे सांगणारी नोंदवही कोणाकडे होती? इंग्लंडमध्ये १९४८ साली ॲन्युरिन बेव्हन यांनी उभारलेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णांची प्रतीक्षायादी मोजली जाते, छापली जाते, आणि तिच्यावरून दर अधिवेशनात सरकारला धारेवर धरले जाते. तेथील रांग लांब आहे म्हणून इथले लोक हसतात. इथे रांगच मोजली जात नाही, म्हणून मंत्री निर्धास्त असतात.

वस्तुतः या देशाला दिशा ठाऊक नव्हती असे नाही. भोर समितीने १९४६ मध्येच, पैसे नाहीत म्हणून कोणासही उपचारांपासून वंचित राहावे लागू नये असे म्हटले होते, आणि दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय हे दूरचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या मापाने एकट्या मीरा-भाईंदरला अशी निदान चाळीस रुग्णालये लागतील. राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या २०१५ च्या मसुद्यात आरोग्य हा न्यायालयात मागता येणारा हक्क करण्याचा प्रस्ताव होता. मार्च २०१७ मध्ये धोरण संसदेपुढे आले तेव्हा तो गळला होता. उरले ते २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन. २०२१-२२ मध्ये, लसीकरणाचा प्रचंड खर्च झालेल्या वर्षीसुद्धा, तो १.८४ टक्के होता. हक्क राहिला असता तर माणूस न्यायालयात गेला असता. वचन मोडले तर पुढचे धोरण येते.

तेव्हा हाटकेशातील कामाचे स्वरूप घोषणांपेक्षा नोंदवहीचे असले पाहिजे. कोणता रुग्ण कोणत्या रुग्णालयातून कोणत्या कारणाने परत पाठविला, किती वाजता, पुढे कोठे पोहोचला, पदरचे किती गेले, हे वस्तीवार लिहून ठेवावे. रुग्णालयाकडून लेखी कारण मागावे. मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. शंभर नोंदी झाल्या की प्रश्न तयार करावा आणि तो दोन सभागृहांसाठी दोन प्रकारे लिहावा, कारण एकात विचारले की दुसऱ्याकडे बोट दाखविले जाते. विधानसभेत रुग्णालयांविषयी विचारता येईल. लोकसभेत आयुष्मान योजनेविषयी विचारावे. तिचा ६० टक्के भार केंद्र उचलते, तेथे राज्यसूचीचा आडोसा चालत नाही. हे शहर ठाणे लोकसभा मतदारसंघात मोडते. प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून खासदारांच्या हाती तो अधिवेशनापूर्वीच पडला पाहिजे. तो साधारण असा असावा:

ठाणे जिल्ह्यात २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली किती रुग्णांना दाखल करून घेण्यास नकार देण्यात आला. त्यांची कारणवार संख्या किती. नकारानंतर ३० दिवसांत त्यांपैकी किती दगावले. आणि ही नोंद ठेवली जात नसल्यास ती न ठेवण्याचा निर्णय कोणी व केव्हा घेतला?