गाडीचे इंजिन का तापते?

(शेतकऱ्यांसाठीच्या यंत्र देखभाल प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



यंत्रांच्या वर्गात आपण नेहमी ट्रॅक्टर, पंप, मळणी यंत्र यांविषयी बोलतो. आज मात्र अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनविषयी बोलू या. १९८४ साली मारुती व्हॅन आली, पुढे ती ओम्नी म्हणून ओळखली जाऊ लागली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी जुन्या ओम्नी खेडोपाडी अजून धावत आहेत. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी टोमॅटोचे क्रेट आणि लग्नसराईत घरची सात-आठ माणसे, असा तिचा दिनक्रम असतो. एवढा भार घेऊन खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन तापले, तर घरच्या मंडळींसह रस्त्यात अडकण्याची पाळी येते. शिवाय तापलेली गाडी तशीच दामटली तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि प्रसंगी इंजिन जाम होते. दहा मिनिटे थांबण्याचा कंटाळा केल्यामुळे ऐन तोडणीच्या हंगामात गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये पडून राहिल्याची उदाहरणे तुमच्याही गावात असतील.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. तितकीच धुरावाटे जाते आणि उरलेली पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनात फिरवतो, रेडिएटरमध्ये ते थंड होते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. या फेऱ्यात कोठेही अडथळा आला की काटा वर चढतो. म्हणजे तापणे हे ताप येण्यासारखे लक्षण आहे. रोग शोधल्याशिवाय नुसते पाणी ओतत राहणे हा उपाय नव्हे.

प्रथम रस्त्यातली गोष्ट. काटा लाल खुणेकडे निघाला की एसी असल्यास बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन थांबवा. हीटर असेल तर गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत तो पूर्ण चालू ठेवा. उन्हाळ्यात त्रास होईल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. पाणी पार संपले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे बोलू लागतो.

गाडी थांबली की लगेच रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह होतो. तो आवरा. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिटी आहे असे समजा. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर ते तेवढा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवले की दाब जातो आणि पाणी क्षणात उकळून वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, म्हणून तोंडावर आणि हातांवर फवारा उडतो. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाईप हाताला कोमट आणि मऊ लागला, की जाड फडके धरून झाकण हळू सैल करा. तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो. तसेच विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक फिरू लागतो, तेव्हा त्यात बोटे घालू नका.

आता रोग कसा ओळखायचा ते पाहू. गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. मेकॅनिकही चांगला असेल तर तोच विचारतो.

बाजारातल्या गर्दीत उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर पंख्याकडे पाहा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय आधार नाही. फ्यूज उडालेला असतो, पंखा चालू करणारा स्विच बिघडतो किंवा मोटर जळते. ट्रॅक्टरचा पंखा बहुधा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तेथे प्रथम पट्टा पाहायचा. व्हॅनमध्ये आधी फ्यूज.

उलट, उभी असताना ठीक आणि घाटात किंवा भार घेतल्यावर तापते, तर रेडिएटर उष्णता सोडायला कमी पडतो आहे. बाहेरून पाहा. भुसा, किडे, कापसाचे तंतू जाळीत भरलेले असतात. इंजिनाच्या बाजूने बाहेर असे बेताच्या दाबाने पाणी मारून ते काढा. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पट्ट्या वाकतात. आतून चोंदण्याचे कारण आपले विहीर-बोअरचे पाणी. पाणी तापवायच्या बंबात जसा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. म्हणून बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे वापरावे. नुसते कूलंट भरणे अधिक चांगले, असा समज चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. मात्र जुने कूलंट काढताना ते गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असते आणि जनावरांना, कुत्र्यांना विषारी असते.

थंड इंजिन चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर जातो, पण रेडिएटरकडे जाणारा पाईप गारच राहतो, अशा वेळी थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असे समजावे. तो काढून पातेल्यात दोरीने टांगा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास, बहुधा ८२ ते ८८ च्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे. न उघडल्यास नवा घाला.

येथे माझा एक जुना वाद आहे. ‘आपल्याकडे उष्ण हवामान, थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापमानाला येत नाही, इंधन जास्त लागते, न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता त्या जवळच्या वाटेने फिरते आणि गाडी उलट जास्तच तापते.

पाणी कमी होते आणि खाली थेंबही दिसत नाही, याला आपण गाडी पाणी खाते म्हणतो. येथे हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू करा. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, ऑइल चहात दूध घातल्यासारखे दिसले किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर गाडी चालवू नका, ओढून न्या. गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे की नाही ते पट्टी लावून तपासायला सांगा. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही.

पण गॅस्केटला हात घालण्यापूर्वी झाकण तपासा. एका बागायतदाराने पंप बदलला, रेडिएटर साफ केला, तरी घाटात पाणी उतू जातच होते. शेवटी झाकणाचे रबर कडक होऊन चिरलेले निघाले. दाब टिकत नसल्याने पाणी १०० अंशांच्याही आधी उकळत होते. उंचावर ते होतेच. महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांलाच उकळते. झाकणात आणखी एक लहान झडप असते. गाडी थंड होताना ती बाजूच्या टाकीतले पाणी परत आत घेते. ती अडकली तर थंड गाडीचा पाईप चेपलेला दिसतो. झाकण बदलताना तोच आकडा पाहून घ्या. जास्त दाबाचे घातले तर जुने पाईप फाटतात.

पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. साधारण १२ ते १५ मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर वॉटर पंप नीट फिरत नाही. मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना आत हवा अडकते. इंजिन थंड असताना झाकण काढून ठेवा, गाडी सुरू करून मंद चालू द्या आणि बुडबुडे निघून पातळी खाली जाईल तसतसे पाणी-कूलंटचे मिश्रण हळूहळू भरा. थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप गरम झाला आणि पातळी स्थिरावली, की झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पातळी पुन्हा पाहा. थोडी उतरलेली असेल, तेवढी भरून घ्या. तिसऱ्या दिवशीही ती उतरलेली दिसली तर गाडी गॅरेजमध्ये परत न्या.