विद्यार्थ्यांची लेखणी आणि संस्थेची कात्री

(पालघर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात बोईसरचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या कचेरीत आले. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहेत. मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकते. वस्तीलगतच्या नाल्याच्या पाण्याविषयी तिने महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिला होता. लेख प्रथम स्वीकारला गेला आणि अंक छापखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी काढून टाकला गेला. कारण विचारले तेव्हा “संस्थेला अडचण होईल” एवढेच उत्तर मिळाले.

मुलगी मला म्हणाली, “साहेब, लेखात खोटे काय आहे ते त्यांनी दाखवावे. मी स्वतः खोडते.” वडील म्हणाले, “वकीलसाहेब, तुम्हीच तिला समजवा. मला नोकरी टिकवायची आहे.” एकीला न्याय हवा होता, दुसऱ्याला संरक्षण हवे होते. दोघांचेही म्हणणे खरे होते. आजचे माझे भाषण हे त्या दोघांना द्यावयाचे उत्तर आहे.

आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाचे नाव भाषणस्वातंत्र्याच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सर्वत्र व्यवहार बंद राहिले. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही वाक्ये लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शविली. जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि पोलिसांनी दोघी मुलींना अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांच्यावर लावण्यात आले. कोणाला त्रास व्हावा किंवा गैरसोय व्हावी अशा हेतूने, खोटे आहे हे ठाऊक असताना, संगणकावरून मजकूर पाठविणारास तीन वर्षांपर्यंत कैद देणारे ते कलम होते. पुढे दोघी सुटल्या, प्रकरण मिटविण्यात आले आणि दोन पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली.

ही घटना वाचून दिल्लीची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघ या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ६६-अ संपूर्ण रद्द केले. या निकालाने सांगितलेला भेद प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा असा आहे. चर्चा करणे ही एक गोष्ट, एखाद्या मताचा पुरस्कार करणे ही दुसरी, आणि चिथावणी देणे ही तिसरी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संविधानाच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण आहे. शासनाचा हात तिसरीपाशी पोहोचू शकतो. कोणाला राग आला, एवढ्याने गुन्हा होत नाही.

तथापि रद्द झालेले कलमही लगेच मरत नाही. ६६-अ खाली त्यानंतरही गुन्हे नोंदविले जात राहिले आणि ते थांबविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. कायदा पुस्तकातून गेला तरी भीती मनातून जाण्यास वेळ लागतो, हेच यावरून दिसते.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, ती फेसबुकची गोष्ट झाली. महाविद्यालयाच्या अंकाचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. तुम्ही लिहिले म्हणून तुम्हाला शिक्षा न होणे हा एक हक्क आहे. दुसऱ्याच्या खर्चाने निघणाऱ्या अंकात जागा मिळणे ही निराळी बाब आहे. पहिला हक्क भक्कम आहे, दुसऱ्याचा पाया कच्चा आहे. शिवाय मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो. शासकीय महाविद्यालय किंवा विद्यापीठ असेल तर तो थेट मागता येईल. खासगी संस्था असेल तर तेथूनच वादाला आरंभ होतो.

अमेरिकेतही हाच पेच पडला. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या शाळकरी मुलांची बाजू तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये उचलून धरली. परंतु मिसूरी राज्यातील हेझलवूडच्या शाळेत ‘स्पेक्ट्रम’ या विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पाने मुख्याध्यापकांनी १९८३ मध्ये काढून टाकली, तेव्हा त्याच न्यायालयाने १९८८ मध्ये मुख्याध्यापकांच्या बाजूने कौल दिला. त्या पानांवर विद्यार्थिनींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवर लेख होते. पत्र शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, सबब शैक्षणिक कारणासाठी शाळेला त्यावर नियंत्रण ठेवता येते, असे न्यायालय म्हणाले. त्यानंतर तेथील अनेक राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदे केले. न्यायालयाने जे दिले नाही ते लोकांनी विधिमंडळाकडून मिळविले.

आपल्याकडेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याच्या ‘सकाळ’ने पृष्ठसंख्येला किमतीशी जखडणाऱ्या कायद्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरविला. पाने कमी केली म्हणजे विचारही कमी केला जातो, हे त्या निकालाचे सार आहे. आणीबाणीत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’मधील मजकुरावर सेन्सॉरने बंदी घातली, ती मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये अवैध ठरविली. आणीबाणीच्या काळातही कात्री चालविणाऱ्याला कारण द्यावे लागले. मग वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाने ते का देऊ नये?

येथे मला स्वतःविषयी एक कबुली दिली पाहिजे. विधी महाविद्यालयात असताना शिष्यवृत्तीची रक्कम महिनोन्महिने मिळत नाही, अशा आशयाचे टिपण मी भित्तिपत्रकावर लावले होते. दुपारपर्यंत कागद उतरविला गेला. मी कारण विचारले नाही. मला कोणी धमकी दिली नव्हती, शिक्षाही केली नव्हती. त्यानंतर दोन वर्षे मी त्या भिंतीवर पावसाळ्याच्या कविता लावल्या आणि त्यांचे कौतुकही झाले. वाचकहो, कात्रीचे खरे यश यातच असते. एकदा चालली की पुढच्या वेळी लेखक स्वतःच कापून आणतो. मी उघड केलेली तक्रार माझ्या एकट्याची नव्हती. माझ्या गप्प बसण्याने इतरांची शिष्यवृत्तीही गप्प झाली.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, लेख नाकारावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे. दुसरी, ज्यावर आक्षेप आहे ते वाक्य दाखवावे आणि दुरुस्तीची संधी द्यावी. तिसरी, निर्णयाविरुद्ध दाद ऐकण्यासाठी ज्यात विद्यार्थीही असतील असे मंडळ असावे. चौथी, ज्याच्यावर टीका झाली त्याचे उत्तर त्याच अंकात छापावे. यासाठी निराळ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाविद्यालयाचा एक ठराव पुरेसा आहे.

त्याचबरोबर लेखकाचीही जबाबदारी आहे. बदनामीचा कायदा विद्यार्थ्याला सूट देत नाही. पाहिले ते लिहा, ऐकले ते पडताळा, तारीख आणि ठिकाण नोंदवा. तारापूरच्या सांडपाण्याविषयी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, ती पुरावा घेऊन गेली. म्हणून लवादाला ते ऐकावे लागले. कोळ्यांच्या संघटनेला जे बोलता येते, ते त्याच किनाऱ्यावरच्या मुलीने लिहिले तर अडचण कोणती?

जागा नाकारली जाते तेव्हा आणखी एक मार्ग उरतो. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’त मिळाली नाही; तरी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. दुसऱ्याच्या पानावर जागा मागत असतानाच आपले पान काढण्याची तयारी ठेवावी, हा त्यातील धडा आहे.

त्या मुलीला मी लेखी कारण मागण्याचा अर्ज लिहून दिला. वडिलांना म्हणालो, “दादा, लेखात तुमच्या कारखान्याचे नाव नाही, आणि नाल्याचे पाणी तुमच्याही घरासमोरून वाहते.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अर्ज मुलीकडून घेतला, सावकाश वाचला आणि विचारले, “यावर पालकाची सही चालते काय?”

कायद्याने तिची गरज नव्हती. मी म्हणालो, “चालते.”