शिरोडकरांचा टाका



सकाळपासून तिघींनी एकच विचारलं, ‘सुनेला टाका घालायला सांगितलाय, घालू का?’ म्हणून आज तेच बोलते.

काही बायकांच्या गर्भपिशवीचं तोंड पाचव्या महिन्याच्या सुमारास, कळा न येताच उघडतं. मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतल्या पडद्याची पट्टी काढून ते तोंड बांधलं, पिशवीची नाडी ओढावी तसं. १९५५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. आता धागा वापरतात. तो साधारण ३६-३७ आठवड्यांना काढतात.

पण टाका सरसकट नाही हं! केवळ जुळी आहेत म्हणून तो घालत नाहीत. सोनोग्राफीत तोंडाची लांबी २५ मिलिमीटरहून कमी भरली, तर अनेकींना प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो. महिनोन्महिने खाटेवर झोपवून ठेवल्याने मूल टिकतं, याला मात्र पुरावा नाही.

आधी असं मूल गेलं असेल, तर पहिल्याच तपासणीला सांगा. घरात ते झाकून ठेवतात, ‘हिनेच जड उचललं’ म्हणतात. तिचा दोष नसतो.

तिघींनी जेवणानंतर थांबा. रिपोर्ट मोबाइलवर असतील ना?