घर सोडणारी आई आणि तिची मुले

कौटुंबिक हिंसेला तोंड देणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी असलेल्या साहाय्यसेवांचा विचार रत्नागिरीत भरलेल्या परिषदेला करायचा असेल, तर तो शासकीय योजनांच्या यादीपासून नव्हे, या जिल्ह्यातील संसाराच्या मांडणीपासून सुरू करावा लागतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. मात्र त्यात स्त्रीच्या सुस्थितीचा पुरावा शोधणे चुकीचे ठरेल, कारण तो बव्हंशी मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या गैरहजेरीचा आकडा आहे. नवरा पूर्वी परळ-लालबागला, आता विरार किंवा दिव्याला, आणि बायकोमुले वाडीवर सासूसासऱ्यांपाशी, अशा विभागलेल्या संसारात हिंसाही विभागली जाते. गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या नवऱ्याने केलेली मारहाण शेजारपाजाऱ्यांच्या कानी पडते. परंतु एरवी महिनोन्महिने पैसे न पाठवणे, दागिने काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, या कोंडीला हिंसा म्हणण्याची रीत अजून पडलेली नाही.

कायद्याने मात्र ती पाडली आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चारही प्रकार हिंसेच्या व्याख्येत घेतले. चाकरमान्यांच्या जिल्ह्याला विशेष उपयोगी असलेले त्याचे २७ वे कलम त्या मानाने कमी परिचित आहे: छळ नालासोपाऱ्याच्या खोलीत झाला असला आणि स्त्री मुलांना घेऊन संगमेश्वरजवळच्या माहेरी आली असली, तरी ती जेथे तात्पुरती राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश देशभर लागू असतो. “मुंबईला जाऊन तक्रार करा,” हे उत्तर तिला कोणत्याही कचेरीत मिळता कामा नये.

राहत्या घराचा प्रश्न अधिक बिकट आहे. १८८७ साली मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगण्याचा आदेश दिला होता. आजची स्त्री बहुधा उलट्या संकटात, म्हणजे घराबाहेर काढली गेलेली, न्यायालयापुढे येते. तिच्यासाठी कायद्यात ‘सामायिक घर’ ही कल्पना आहे. स्त्री संबंधित पुरुषासोबत ज्या घरात कुटुंब म्हणून राहत आली ते सामायिक घर, आणि त्यावर तिचे नाव असो वा नसो, तेथे राहण्याचा तिला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तरुणा बत्रा प्रकरणातील निकालाने सासूसासऱ्यांच्या मालकीचे घर या कल्पनेतून वगळले होते. सतीशचंद्र आहुजा प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२० रोजी तो निकाल चुकीचा ठरवला गेला. सातबारा आणि घरपट्टीचा उतारा सासऱ्याच्या किंवा भावकीच्या नावे असणाऱ्या कोकणातील सुनेला या निकालाने जे दिले, ते गावपातळीवर अद्याप पुरेसे पोहोचलेले दिसत नाही.

हक्क आणि तो बजावणारी स्त्री यांच्यामध्ये जी माणसे उभी राहतात, त्यांना साहाय्यसेवा म्हणायचे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. म्हणून स्त्री आपण होऊन येईल अशी वाट पाहणारी सेवा अपुरी ठरते. जेथे ती अन्य कारणाने येतेच, तेथे सेवेने असले पाहिजे. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलीस आयुक्तालयाच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या. पुढे ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभारले, जेणेकरून “पडले” असे सांगून जखमेवर पट्टी बांधायला आलेल्या स्त्रीला खरे कारण विचारणारे कोणी भेटावे. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या गृहभेटींत होऊ शकते, पण त्यांना विचारायचे कसे हे शिकवले गेले आणि पुढे पाठवायचे कोठे हे ठाऊक असले तरच.

पुढे पाठवायचे तर अंतर आडवे येते. वैद्यकीय, पोलीस, कायदेशीर आणि मानसिक साहाय्य तसेच तात्पुरता निवारा एका छताखाली देणारे ‘सखी वन स्टॉप सेंटर’ जिल्ह्यासाठी असते. मंडणगड, दापोली किंवा खेडच्या आतल्या वाडीतून निघालेल्या स्त्रीला दोन मुलांसह एस.टी. बदलत रत्नागिरी गाठायला निम्मा दिवस जातो. दंडाधिकाऱ्यांना घटनेचा अहवाल देणारा आणि आदेशाच्या अंमलबजावणीत मदत करणारा संरक्षण अधिकारी तालुक्यात नेमला जावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिले. त्याला अन्य कामांचा अतिरिक्त भार दिला, तर ती नेमणूक पाटीपुरतीच राहील. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल त्यापुढील साठ दिवसांत व्हावा, ही कायद्याची अपेक्षा अशाच अधिकाऱ्यावर अवलंबून आहे. दुसरा अडथळा गावातल्या तडजोडीचा: २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेने मिटलेल्या तंट्यांना गुण दिले, आणि त्या हिशेबात सुनेला समजूत घालून परत पाठवणे हेही यश म्हणून नोंदले जाण्याची वाट खुली झाली. मारहाण हा दोन पक्षांमधला तंटा नव्हे, आणि समुपदेशन म्हणजे तडजोड नव्हे. हे येथे निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे.

मुलांचा विचार या सगळ्या रचनेत सर्वांत शेवटी येतो, आणि आईचा निर्णय मात्र प्रथम त्यावरच ठरतो. जुन्या स्वाधारगृह योजनेत मुलींना १८ वर्षांपर्यंत, पण मुलग्यांना केवळ ८ वर्षांपर्यंत आईसोबत राहता येई. आताच्या ‘शक्ती सदन’ योजनेत मुलग्यांसाठीची ही मर्यादा १२ वर्षे करण्यात आली आहे. तेरा वर्षांच्या मुलाला बालगृहात किंवा ज्या घरातून पळ काढला तेथेच ठेवावे लागणार असेल, तर आई निघत नाही, आणि तिच्या न निघण्याला बाहेरचे लोक सहनशीलता म्हणतात. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आई आणि मूल यांचा विचार एकत्रच झाला होता. तेथे जन्मलेल्या एका मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तकही घेतले. दीडशेहून अधिक वर्षांनंतर मुलाचे वय विचारून दार लावणे समर्थनीय नाही.

शाळेचेही तसेच. शिक्षणहक्क कायद्याच्या ५ व्या कलमानुसार शाळा सोडल्याचा दाखला आणण्यास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, तरी दाखल्यासाठी आईला सासरच्या गावी, म्हणजे ज्याच्यापासून ती लपते आहे त्याच्या नजरेसमोर, परत धाडले जाते. हिंसा डोळ्यांनी पाहिलेले मूल वर्गात गप्प बसते किंवा मारामाऱ्या करते, आणि दोन्ही वेळा त्याच्याशी बोलायला प्रशिक्षित माणूस नसतो. आईच्या अर्जावर दंडाधिकारी २१ व्या कलमाखाली मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून पात्र मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. परंतु ताब्याचा अर्ज, योजनेचा अर्ज, स्वतंत्र शिधापत्रिका आणि शाळाप्रवेश यांसाठी आज तिला चार कचेऱ्या चढाव्या लागतात. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत ही चारही कामे एकाच कार्यकर्तीने तिच्यासोबत जाऊन पुरी करावीत, तिचे मानधन वेळेवर मिळावे, आणि बारा वर्षांवरील मुलग्यांसह राहता येईल अशा स्वतंत्र कुटुंबखोल्या निदान चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर येथे उभ्या राहाव्यात, ही मागणी या परिषदेने ठरावाच्या रूपाने महिला व बालविकास विभागाकडे पाठवावी.