शोभेच्या माशांचा जमाखर्च

हौसेला मोल नाहीं असें आपण म्हणतों. पण हौसेला खर्च नाहीं असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. शोभेचे मासे पाळण्याची हौस ह्याच कोटींतील आहे. ती दिसावयास स्वस्त, शांत आणि निरुपद्रवी. परंतु तिचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

ही हौस जुनी आहे. चीन देशांत सुवर्णमत्स्य पाळण्याची चाल सुमारें हजार वर्षांची आहे. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि कांचेमागील मासे पाहण्याचें सुख महाराष्ट्रांतील सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें. पुढें तें सुख घरांत आणण्याची इच्छा होणें स्वाभाविकच होतें.

छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसमंतांत बजाजनगरची कामगारवस्ती वाढली. पाळी संपवून, यंत्रांचा खडखडाट कानांत घेऊन घरीं आलेल्या माणसास निळ्या प्रकाशांत संथपणें फिरणारे मासे पाहून विसावा वाटावा, ह्यांत नवल तें काय? प्रश्न एवढाच कीं, ह्या विसाव्याची किंमत काय?

चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी घेतली, तर तींत सुमारें अडीचशें लिटर पाणी मावतें. म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार अडीचशें किलो झाला. त्यास मजबूत लोखंडी घडवंची हवी. पाणी गाळणारा वीस वॅटचा पंप अहोरात्र चालला, तर महिन्यास १४.४ युनिट वीज लागते. हिवाळ्यांत दोनशें वॅटचा तापक रोज आठ तास चालला, तर आणखी ४८ युनिट होतात. माशांची खरेदी एकदांची. ही जळती मात्र दरमहा घराच्या बिलांत येऊन बसते.

ह्याहूनहि मोठा खर्च अज्ञानाचा असतो. माशांच्या मलमूत्रांतून व उरलेल्या खाद्यांतून अमोनिया उत्पन्न होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात व दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. पहिलीं दोन द्रव्यें माशांस मारक, तिसरें त्या मानानें सौम्य. हे उपकारक जंतु नव्या पेटींत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नवखा हौशी मात्र आज पेटी आणतो आणि उद्यां तींत दहा मासे सोडतो. आठ दिवसांत निम्मे मासे पोट वर करून तरंगूं लागतात. तो दुकानदारास बोल लावतो, पुन्हा मासे आणतो आणि पुन्हा तेंच घडतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन घालविल्यावांचून पाणी बदललें, तर मासे आणि जंतु दोहोंसहि इजा होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पाणी तापलें कीं त्यांतील प्राणवायु कमी होतो. अशा वेळीं वीज गेली तर सारी पेटी धोक्यांत येते.

आतां दुर्मिळ माशांकडे वळूं. अमेझॉन नदीच्या खोऱ्यांतील डिस्कस माशास ऊबदार आणि मृदु पाणी मानवतें. विंधणविहिरीचें जड पाणी त्यास सहसा सोसत नाहीं. आशियाई अरोवाना हा एके काळीं आग्नेय आशियांत खाण्याचा साधा मासा होता. १९७५ सालीं आंतरराष्ट्रीय करारान्वयें त्याच्या व्यापारावर कडक बंधन आलें. तो भाग्य आणतो अशी समजूतहि पसरली आणि त्याचें मोल आकाशास भिडलें. जपानांत २०१८ सालीं हिरोशिमा येथील लिलावांत एक कोई मासा २० कोटी ३० लक्ष येनांस विकला गेला! धनिकांचा हा खेळ पाहून पगारदार माणसानें कर्ज काढूं नये. आपल्या देशांतहि वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली असून, आंतरराष्ट्रीय करारांतील संरक्षित प्राणी बाळगणाऱ्यास त्याची नोंद करणें आवश्यक झालें आहे. महाग मासा घेण्यापूर्वीं त्याचे कागद पाहिले पाहिजेत.

शेवटचा खर्च घराच्या वहींत उतरत नाहीं. मासा फार वाढला किंवा नकोसा झाला, म्हणजे त्यास नाल्यांत वा धरणांत सोडून देण्यांत भूतदया आहे असें अनेकांस वाटतें. पेटीची कांच स्वच्छ करतो म्हणून घरीं आणलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा अशाच मार्गानें आपल्या जलाशयांत शिरला आहे. त्याच्या कांटेरी परांनीं कोळ्यांचीं जाळीं फाटतात आणि देशी माशांच्या अन्नांत तो वांटेकरी होतो. पैठणचा नाथसागर १९७६ पासून ह्या भागाची तहान भागवीत आला आहे. त्याच्या काठीं मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांनीं शहराच्या हौसेची किंमत कां द्यावी?

ज्यास ही हौस करावयाची असेल त्यानें प्रथम पेटी व पाणी महिनाभर तयार करावें. मग गप्पीसारखे काटक मासे थोडेच आणावेत. दर आठवड्यास थोडें पाणी बदलावें आणि दरमहा खर्च टिपून ठेवावा. वर्षाच्या अखेरीस ती वही उघडून पाहावी. दुर्मिळ मासा घ्यावा कीं नाहीं ह्याचें उत्तर तींतच मिळेल. नकोसा झालेला मासा दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशास द्यावा; नदीस कधींहि देऊं नये.