पृष्ठें, कडा आणि शिरोबिंदु

श्रोतेहो, घरांतील आगपेटी क्षणभर हातीं घ्या. तिला सहा पृष्ठें, बारा कडा आणि आठ शिरोबिंदु, म्हणजे कोपरे, आहेत. ही चौकोनी चिती होय. चितीचा तळ व माथा सारखेच असतात. सूचीच्या उभ्या कडा मात्र वर एकाच टोंकाशीं मिळतात.

मुलें मोजतांना चुकतात, कारण आकृति फिरवितां फिरवितां एकच कड दोनदां मोजली जाते. त्यावर उपाय सोपा आहे. आधीं तळाच्या बाजू मोजाव्या. चितीच्या कडा त्यांच्या तिप्पट : तळाच्या, माथ्याच्या व उभ्या. तिचे शिरोबिंदु दुप्पट, आणि पृष्ठें दोननें अधिक. सूचीच्या कडा दुप्पट. तिचे शिरोबिंदु एकानें अधिक व पृष्ठेंहि तितकींच. म्हणून पंचकोनी चितीला १५ कडा, १० शिरोबिंदु व ७ पृष्ठें. पंचकोनी सूचीला १० कडा, ६ शिरोबिंदु व ६ पृष्ठें. दोहोंतहि पृष्ठें व शिरोबिंदु यांची बेरीज कडांहून दोननें अधिक भरते. हा नियम ऑयलर यानें १७५० सालीं बर्लिनहून गोल्डबाख यास पत्रानें कळविला, आणि समाधानकारक सिद्धता आपणांस अद्याप साधली नाहीं, हेंहि मोकळेपणानें लिहिलें.

तो मोकळेपणा माझ्या ठायीं नव्हता. मी शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें पुठ्ठ्याच्या चार त्रिकोणी चिती टोंकांशीं तिरप्या कापून जोडल्या व तसबिरीसारखी चौकट केली. "गुरुजी, पृष्ठें १२, शिरोबिंदु १२ आणि कडा २४ होतात. ते दोन कोठें गेले?" असें त्यानें विचारलें. चौकट हातींहि न घेतां मी म्हणालों, "पुन्हा मोज." त्यानें तीनदां मोजलें, अखेर माझ्या धाकानें वहींत २२ कडा लिहिल्या. मीं त्यास पूर्ण गुण दिले.

पुढें वाचनांत आलें कीं, आरपार भोंक असलेल्या घनाकृतीला हा नियम जसाच्या तसा लागत नाहीं, हें स्विस गणिती लुइलिए यानें १८१३ सालींच दाखविलें होतें. अशा एका भोंकानें ते दोन नाहींसे होतात. मुलाची मोजणी अचूक होती. खोट्या उत्तरास गुण मीं दिले होते. तें सांगावयास तो विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाहीं.

आपल्या मुलाची मोजणी पुस्तकाशीं जुळली नाहीं, तर त्याला रागें भरण्यापूर्वीं ती आकृति आपल्या हातीं घेऊन एकदां स्वतः मोजावी, इतकीच विनंति.