खळ: घरातल्या पिठाची, घरातल्या कागदांसाठी

घरच्या घरी हस्तकलेचं साहित्य, असा विषय मला दिलाय. म्हणजे हळदीचे रंग, बिटाचा रंग, मिठाच्या पिठाची खेळणी वगैरे. तेही सांगते, पण शेवटी आणि थोडक्यात. आजचा बराचसा वेळ मी एकाच गोष्टीला देणार आहे. ती म्हणजे खळ. तुमच्यापैकी काहींनी लहानपणी वह्या-पुस्तकांना कव्हरं घालताना ती वापरली असेल. आता घरात ती कोणी करत नाही, बाटलीतला गोंद दहा रुपयांना मिळतो.

माझ्या आजीची एक वही आहे. लोणची, पापड, मसाले यांची मापं तिनं शिसपेन्सिलनं लिहून ठेवलेली. मी सहावी-सातवीत असताना त्या वहीची दोन-तीन पानं फाटली होती आणि मी मोठ्या हौशीनं त्यांना चिकटपट्टी लावली. पारदर्शक, चकचकीत, मला तर फार अभिमान वाटला होता. काही वर्षांनी वही उघडली तर पट्टीचं प्लॅस्टिक सुटून आलेलं, आणि त्याखालचा गोंद कागदात मुरून काळपट तपकिरी झालेला. प्लॅस्टिक उचललं तर अक्षरं त्याच्याबरोबर गेली. लिंबाच्या गोड लोणच्याला मीठ किती, ते आता वाचता येत नाही. आईला विचारलं, तिलाही नक्की आठवेना.

त्याच वहीत एक पान आजीनं स्वतः जोडलेलं आहे, खळीनं, मागून पातळ कागदाची पट्टी लावून. ते पान आजही हाताला मऊ लागतं आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं.

पुढे कळलं की जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं दुरुस्त करणारे तज्ज्ञही गव्हाच्या स्टार्चची खळच वापरतात. कारण साधं आहे: ती पाण्यानं पुन्हा सोडवता येते. आपली जोडणी चुकली, किंवा पन्नास वर्षांनी कोणाला तीच जागा जास्त चांगली दुरुस्त करायची असली, तर ओलावा देऊन ती हलक्या हातानं काढता येते. चिकटपट्टी अशी माफी देत नाही.

आता कृती. पाव वाटी मैदा, एक वाटी पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग उरलेलं पाणी घालायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकलात तर काय होईल, हे पिठलं करणाऱ्याला सांगायला नको. पिठाच्या गोळीचं बाहेरचं अंग लगेच शिजतं, आतलं कोरडंच राहतं, झाली गुठळी. साधारण साठ अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात. दुधासारखं पांढरं पाणी दाटतं, मग किंचित पारदर्शक आणि तुकतुकीत दिसू लागतं. त्यानंतरही दोन-चार मिनिटं ढवळा, कच्ची राहिलेली खळ नीट धरत नाही. गार झाल्यावर पातळ कापडातून गाळा. कणीक वापरू नका, कोंड्यामुळे खळ तपकिरी आणि खरखरीत होते.

मैद्याची खळ पाकिटं, कव्हरं, कागदाच्या लगद्याचे मुखवटे यांना पुरते. जपायच्या कागदांना मात्र त्याहून चांगली खळ लागते, मैद्यातला ग्लूटेन काढून टाकलेली, नुसत्या स्टार्चची. आणि इथं मला हसू येतं, कारण ती आपल्याकडे दर उन्हाळ्यात होत होती. कुरडईचा चीक! गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटायचे, गाळायचे, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरची निवळी ओतली की तळाशी पांढरा चीक. तोच हा गव्हाचा स्टार्च. खळीसाठी घ्यायचा असेल तर त्यावर दोन-तीनदा ताजं पाणी घालून पुन्हा निवळू द्या म्हणजे आंबूसपणा जाईल, आणि मीठ-हिंग अर्थातच नाही. उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरला की हवा तेव्हा चमचाभर काढून शिजवता येतो.

आपण देशभर विखुरलेले आहोत म्हणून सांगते, खळ फक्त गव्हाचीच असते असं नाही. आपल्याकडे घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात. तिकडे ओडिशात, पुरीजवळच्या रघुराजपूरला, पटचित्राचा पट तयार करताना कापडाला चिंचोक्याचीच खळ आणि खडूची पूड लावतात. तुमच्यापैकी कोणी भुवनेश्वर-कटकला राहत असाल तर जाऊन बघा. चिंचोके भिजवून, सोलून, वाटून शिजवायचे. काम चिकाटीचं आहे, मी दोनदाच केलंय.

खळीचे दोषही ऐका. ती दोन-तीन दिवसांत आंबते, फ्रिजमध्ये फार तर आठवडाभर टिकते. कसर आणि झुरळं तिच्यावर तुटून पडतात. दमट हवेत बुरशी धरते, त्यामुळे मुंबई, कोची, कोलकाता इथल्या लोकांनी पावसाळ्यात हे काम काढूच नये. यावर जुना उपाय म्हणजे खळीत मोरचूद घालणं. तो विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत कधीही घालू नका. काहीजण तुरटी घालतात. तुरटीनं कागदात आम्ल वाढतं आणि तो हळूहळू ठिसूळ होतो. त्याऐवजी लागेल तेवढी करा, उरलेली टाकून द्या. दोन चमचे पिठाचा तो प्रश्न.

बाकीचं साहित्य पटकन सांगते. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं साधारण पाऊण ते एक वाटी पाणी, हे खेळण्याचं पीठ. त्यात मीठ इतकं असतं की घरातल्या कुत्र्यानं ते खाल्लं तर जिवावर बेतू शकतं, उंचावर ठेवा. हळदीचा रंग सुंदर येतो पण उन्हात उडतो. त्यात चुन्याची निवळी घातली की लाल होतो, मुलांना ती जादू दाखवाच. मात्र चुना मोठ्यांनी हाताळायचा. बिटाचा गुलाबी थोड्याच दिवसांत मळकट होतो. टिकणारं चित्र हवं असेल तर हे रंग वापरू नका, असं मी स्पष्टच सांगते.

आता पान कसं जोडायचं ते सांगून थांबते. आधी शाईची परीक्षा. कोपऱ्यातल्या एका अक्षराला ओला कापूस हलकेच टेकवा. रंग कापसाला लागला तर तिथेच थांबा, ते पान तज्ज्ञाकडे न्या. शिसपेन्सिल असेल तर चिंता नाही. मागून लावायला पातळ पांढरा पतंगी कागद घ्या. रंगीत घेऊ नका, ओला झाला की रंग सोडतो. पट्टी कात्रीनं कापू नका, हातानं फाडा, कडेचे तंतू मोकळे राहतात आणि ते मूळ पानात मिसळून जातात. खळ ताकाइतकी पातळ करा, मऊ ब्रशनं पट्टीला लावा, पानाला नाही. वर-खाली बटर पेपर, त्यावर जाड पुस्तक, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी बटर पेपर अलगद सोलून काढा.